तुमचा आवाज गेला नसता

अहो, काल तुमच्या जलदानविधीला गल्लीत माणूस मावत नव्हता. लिंबायत, उधना, पांडेसरा, कुठून कुठून लोक आले होते. पर्वत पाटियाच्या साडीबाजारात गाठोडी उचलणारी पोरंसुद्धा अर्धी पाळी टाकून आली, कारण त्यांची लग्नं तुम्ही लावली होती. बाया माझ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी एकेकीला विचारत होते, चहा घेतला का. तुम्ही असता तर म्हणाला असतात, ही बाई माझ्या मयतीलाही मास्तरीणच राहणार.

मग विहाराचे सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. त्यांना माईक मिळाला की काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणाले, गुरुजींना असा रोग झाला होता की त्याच्या गोळ्यांनी माणसाचा आवाज जातो. गुरुजींनी त्या गोळ्यांना हात लावला नाही. जीव दिला, पण धम्माचा आवाज दिला नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. कुणी नाक ओढलं. मी पदर तोंडाशी धरून बसले होते, लोकांना वाटलं रडतेय. मी दात आवळून बसले होते.

सगळे पांगल्यावर तायडेभाऊ आले. सगळा जन्म तुमच्या मागे बसून कोरस धरणारे, कधी पुढे न आलेले तायडेभाऊ. दिवाळीच्या सुमाराला त्यांनाही तेच दुखणं निघालं, तोच डॉक्टर, त्याच गोळ्या, हे तुम्हाला माहीत होतं. खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, गुरुजींची जागा समाजानं मला दिलीय. वैशाखात लग्नंच लग्नं आहेत. मी गोळ्या बंद केल्या." एखादी ओवाळणी पुढे करावी तसं त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. मी त्यांना नुसतं बसा म्हणाले आणि आत जाऊन गॅसपाशी उभी राहिले.

म्हणून आज लिहायला बसलेय. मला कोसाडला तायडेभाऊंच्या घरी जाऊन त्यांना खरं सांगायचंय. पण ते खरं तुम्हालाच अजून ठाऊक नाही, कारण मी तुम्हाला ते कळू दिलं नाही. परक्या माणसाला आधी आणि नवऱ्याला नंतर, हे मला जमायचं नाही. तेव्हा आधी तुम्ही ऐका, आणि मधे बोलू नका.

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षी तुमची कंबर धरली. तुम्ही म्हणालात, जन्मभर रेल्वेच्या केबिनमध्ये लिव्हर ओढले, कंबर जाणार नाही तर काय. लघवीला गेलात की उभे राहायचात ते राहायचातच, आणि मी बाहेरून ओरडायची, झोप लागली का आत. आपण दोघंही त्यावर हसायचो. त्या हसण्याची आता मला भीती वाटते. डॉक्टरनं फोटो दिव्यापुढे धरला तेव्हा तुमच्या मणक्यांत पांढरे डाग दिसत होते. प्रोस्टेट हा शब्द आपण दोघांनी पहिल्यांदा ऐकला. लघवीच्या पिशवीखाली पुरुषाला एक ग्रंथी असते म्हणे. तिथला कॅन्सर हाडांत जाऊन बसला होता.

डॉक्टर सुरतीच, हाडकुळा, पण बोलायला सरळ. म्हणाला, हे बरं होणार नाही. पण हा रोग पुरुषाच्या हार्मोनवर पोसतो, त्याचं खाणं तोडलं की तो पेंगतो, मग काही काळ दुखणं थांबतं. त्याला दोन वाटा. एक, छोटं ऑपरेशन करून, जिथं ते हार्मोन तयार होतं तेच काढून टाकायचं. हे त्यानं सांगितलं तेव्हा मी जमिनीकडे बघत होते आणि तुम्ही पंख्याकडे. दुसरी वाट, बाईच्या हार्मोनच्या गोळ्या, रोज, जन्मभर. तुम्ही त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. गोळ्या द्या, म्हणालात. जिना उतरताना मला बजावलंत, गल्लीत कुणाला बोलायचं नाही.

आणि काय गुण आला हो त्या गोळ्यांना. महिना झाला नसेल, तुम्ही सकाळी अंथरुणातून उठलात आणि कंबरेला हात न लावता उभे राहिलात. मी भाकरी थापत होते, तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले. त्या रविवारी तुम्ही मला चौकात नेऊन लोचो खाऊ घातलात. तिखट शेव जास्त मागून घेतलीत. लग्नानंतर तुम्ही मला असं एकटीला कधी बाहेर नेलं होतं का? तुमची गायनपार्टी, तुमचे कार्यक्रम, तुमचा समाज. तो रविवार मात्र माझा होता, आणि तो त्या गोळ्यांनी दिला. मी त्या गोळ्यांची ऋणी आहे, तुम्हाला आवडो न आवडो.

मग तुम्हाला वाफा यायला लागल्या. बसल्या बसल्या मानेवरून आग चढायची, कपाळावर घाम, सदरा ओला. घाबरलात. मी पोट धरून हसले. म्हटलं, या, बसा माझ्या शेजारी, मला तीन वर्षांपासून येताहेत, तेव्हा तुम्ही म्हणायचात उगाच कांगावा करते. मग आपण दोघं एका पंख्याखाली, एका ओल्या पंच्यात. मानेवर आधी तुमच्या, मग माझ्या. आपला सुनील हजीऱ्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आला की आपल्याला तसं बघून त्याला कळायचं नाही की यांना झालंय काय. माझ्या अंगाला काय होतं ते तुम्हाला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कळलं. तुम्ही मला तसं म्हणालातही. इतक्या वर्षांत तुम्ही मला म्हटलेलं सगळ्यात चांगलं तेच होतं.

छाती दुखायला लागली, सुजली, तेव्हा मात्र तुम्ही हसायचं थांबलात. सैल सदरे शिवून घेतलेत. अंघोळीला आतून कडी लावायला लागलात, जन्मात कधी लावली नव्हती. एकदा मला विचारलंत, तुला वाईट वाटतं का गं? कशाचं ते बोलला नाहीत. मी म्हणाले, आता या वयात काय. तेवढ्यावर तो विषय संपला. संपायला नको होता. मला वाईट वाटत होतं, पण ते तुम्हाला वाटत होतं त्याचं नव्हे. तुम्ही माझ्याकडे पाठ करून कपडे बदलायला लागलात, त्याचं.

फाल्गुन लागला. जयंती जवळ आली, मागोमाग पौर्णिमा, मागोमाग लग्नं. एक दिवस तुमचा पांढरा सदरा धुवायला घेतला तर खिशात सगळा लगदा. पांढरा, खडूसारखा. मी शाळेत खडू घेऊन उभी राहणारी बाई, मला क्षणभर वाटलं माझाच खडू. मग कळलं गोळ्या आहेत. मी तो ओला सदरा तसाच तुमच्या मांडीवर आणून टाकला. आठवतं?

तुम्ही सांगायला तयार नव्हतात. मी हट्टाला पेटले तेव्हा सांगितलंत, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाहीत. गावाकडे तुमचे वडील गोऱ्हे खच्ची करायला मदतीला जायचे. तुम्ही शाळेतून आलात की दोर धरायचात. गोऱ्ह्याला आडवा पाडायचे, ठेचायचे, तेव्हा तो ओरडायचा ते पार नदीपलीकडे ऐकू जायचं. पण त्यानंतर पुन्हा तो तसा कधी डरकायचा नाही. बैल व्हायचा, मान खाली घालून जू ओढायचा. तुम्ही म्हणालात, औषधानं करा की दगडानं, खच्ची ते खच्चीच. आज छाती सुजली, उद्या गळा बारीक होणार. आणि मग ते म्हणालात, तुमच्या आईच्या बोलीत, जी तुम्ही फक्त दुखलं की बोलायचात:

"मना आवाज गया ते मंग मी कोन?"

मी म्हणाले, माझा नवरा. तुम्ही म्हणालात, ते घरात, गल्लीत कोण? मी म्हणाले, मास्तरणीचा नवरा. त्यावर नको म्हणता म्हणता तुम्हाला हसू आलं. पण भांडण काही मिटलं नाही. मी म्हटलं, डॉक्टरला विचारा ना सरळ. तुम्ही म्हणालात, साठीच्या माणसानं त्या पोरसवदा डॉक्टरला विचारायचं, की मी बायकी बोलायला लागेन का? मी म्हटलं, मी विचारते. त्यानंतर तुम्ही मला तपासणीला बरोबर नेणंच बंद केलंत. रिक्षात बसून एकटे जायचात.

जयंती होऊ दे, मग रोज घेतो, म्हणालात. मग पौर्णिमा होऊ दे. मग एवढी लग्नं होऊ दे. मग वर्षावास लागला, रोज विहारात वाचन. मी सकाळी हातावर गोळी ठेवून समोर उभी राहायची, तोंड उघडून दाखवायला लावायची. तुम्ही ती गालात धरायचात. शाळेत जंताची गोळी देतात तेव्हा पोरं असंच करतात, आणि ती मला सापडतात, तुम्ही सापडला नाहीत. कधी मी इतकी चिडायची की दोन दोन दिवस बोलायची नाही. तुम्ही बाहेरच्या खोलीत पेटी काढून बसायचात. आवाज असा मोकळा, भरदार, की माझा राग ऐकता ऐकता उतरायचा. हे मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही. कळलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बघ, तुलाही आवाजच पाहिजे.

पौषात उधन्याच्या त्या लग्नात तुम्ही विधी संपवून उठायला गेलात आणि पाय उठलेच नाहीत. चौघांनी उचलून टेम्पोत घातलं. वरपक्षाची माणसं म्हणत होती, गुरुजी दमले. हॉस्पिटलात डॉक्टरनं पायाला टाचणी लावून पाहिली, तुम्ही छताकडे बघत होतात, तुम्हाला कळलं नाही की तो टोचतोय. मला कळलं.

मी त्याच्या मागोमाग बाहेर व्हरांड्यात गेले. जिथं सगळ्या पेशंटच्या बायका डबे घेऊन बसतात तिथंच त्याला गाठलं, आणि एवढ्या बायकांसमोर विचारलं. साहेब, या गोळ्यांनी आवाज जातो का? त्याला आधी कळेचना. मग म्हणाला, "अवाजने कंई नहीं थाय, बेन." कुणी सांगितलं तुम्हाला? पोरगं वयात यायच्या आधीच हे हार्मोन तोडलं तर त्याचा आवाज फुटत नाही, एवढंच. एकदा फुटलेला आवाज मागे जात नाही. छाती सुजते, वाफा येतात, ताकद कमी होते, आवाज तसाच राहतो. मी विचारलं, रोज घेतल्या असत्या तर? म्हणाला, कायमच्या पुरल्या नसत्या, त्या कधीतरी थांबतातच. पण एखाद-दोन वर्षं चांगली गेली असती. आता रोज दिल्या तरी आजार फारशी दाद देईल असं वाटत नाही. ऑपरेशनचाही आता उपयोग नाही.

एखाद-दोन वर्षं. म्हणजे किती रविवार, हे मी तिथं उभ्या उभ्या मोजायला लागले आणि मग सोडून दिलं.

आत आले. तुम्ही उशीवर मान वळवून दाराकडेच बघत होतात. तुम्हाला माहीत होतं मी काय विचारायला गेले होते. पाय गेले होते, हाडं गेली होती, आणि तुम्ही विचारलंत ते एवढंच:

"आवाजाचं विचारलंस?"

मी हो म्हणाले. काय म्हणाला? तेव्हा मी तुमचा चेहरा बघितला. एवढी वर्षं तुमच्याशी भांडले, मीठ कमी म्हणालात तरी ऐकून घेतलं नाही, चूक माझी असली तरी माघार घेतली नाही. आणि त्या दिवशी म्हणाले, तुमचं बरोबर होतं. गेला असता. रोज घेतल्या असत्या तर हळूहळू बारीक होत गेला असता, म्हणाले डॉक्टर.

तुमच्या तोंडावर जे उजाडलं ते मी याआधी एकदाच पाहिलं होतं, सुनील झाला तेव्हा. बघ, म्हणालात. मी म्हणत नव्हतो? मास्तरीण हरली. मी म्हणाले, हो, हरले. त्यानंतर तुम्ही माझ्या हातून रोज गोळी घेतलीत, मुकाट्यानं, आता कुठं गायचंय म्हणून. खाटेवर पडून आल्यागेल्याला सांगत राहिलात, डॉक्टरनंच सांगितलं, आवाज गेला असता. तायडेभाऊंना तर शेजारी बसवून सांगितलंत. मी तिथंच मोसंबी सोलत होते. तुम्हाला सुखानं बोलताना बघत होते. ते ऐकणाऱ्या माणसाच्याही खिशात त्याच गोळ्या आहेत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्याची मला खंत नाही, असं म्हणणार नाही. पण तो खाटेवरचा चेहरा पुन्हा समोर आला तर मी पुन्हा तेच सांगेन. तुम्हाला काय सांगायला हवं होतं मी? की तुम्ही एका गोऱ्ह्यासाठी मेलात?

शेवटचे दिवस तुम्हाला आठवायला नकोत, मला आहेत तेवढे पुरे. एक सांगते. तुमचा आवाज शेवटपर्यंत तसाच होता. कूस बदलताना तुम्ही ओरडायचात तेव्हा समोरच्या घरातली बाई टीव्ही मोठा करायची. पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून करायची, मला राग नाही तिचा. पण मला वाटायचं, हाच तो, ज्याच्यासाठी सगळं केलंत. आणि वाटायचं, मुका नवरा मला चालला असता. चिरक्या आवाजाचा, बायकी आवाजाचा, कसाही. शेजारी बसून ओला पंचा मानेवर ठेवणारा. तुम्ही गल्लीत कोण होणार हे मला दहादा विचारलंत, घरात मला काय पुरलं असतं ते एकदाही विचारलं नाहीत.

इथवर लिहून कोसाडला जाऊन आले. आता पुढचं लिहिते.

अमरोलीपर्यंत शटल रिक्षा मिळाली, पुढे चालत गेले. रेल्वे रुळाला लागून त्यांची खोली. तायडेवहिनी दारात पांढरा सदरा वाळत घालत होत्या. नवा होता, माझ्या लक्षात आलं. तायडेभाऊ आतून आले, पाया पडायला वाकले. माझ्या नाही, तुमच्या. मी बसले, पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं. व्हरांड्यातलं, डॉक्टरचं, मी खाटेपाशी काय बोलले ते. एक शब्द राखून ठेवला नाही.

तायडेभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मायेनं हसले. म्हणाले, वहिनी, मला कळतं. गुरुजी गेले, आता निदान तायडे तरी राहावा असं तुम्हाला वाटतंय, म्हणून तुम्ही हे सांगताय. मी म्हणाले, मी तेव्हा खोटं बोलले होते, भाऊ. ते म्हणाले, तेव्हा नाही, आता. गुरुजींना तुम्ही कधी खोटं सांगणार नाही.

मी म्हणाले, चला, आत्ता डॉक्टरकडे, माझ्यासमोर विचारा. म्हणाले, डॉक्टर गोळ्या घ्याच म्हणणार, त्याला आपल्या आवाजाचं काय. मी तायडेवहिनींकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. त्यांना पटलं होतं, मला दिसत होतं, पण त्या घरात बोलत नाहीत. माझं डोकं फिरलं. एवढे दिवस आवळून धरलं होतं ते मी बोलले.

"तुमचे गुरुजी उगीच गेले, भाऊ. काही कारण नव्हतं. तुम्ही तरी जाऊ नका."

तायडेभाऊ उठून उभे राहिले. त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, असं बोलू नका, वहिनी, भिंती पातळ आहेत, लोकांनी ऐकलं तर गुरुजींचं काय राहील? ते माझ्यावर रागावले नव्हते. तुमची लाज राखत होते.

मी निघाले. तायडेवहिनी चार पावलं पोचवायला आल्या, माझा हात धरला आणि सोडला. मी गल्लीच्या टोकाला पोचले नव्हते तोच आतून तायडेभाऊंनी वंदना सुरू केली. सराव करत होते. तुमचीच चाल, तुम्ही घ्यायचात तिथंच श्वास. मी थांबून ऐकलं. आवाज छान लागला होता हो.